आडवी डहाळी

ती सायकल सरकारनं आईला दिली होती आणि आईला सायकल येत नव्हती. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी गावोगाव फिरावं म्हणून तालुक्याला एक कार्यक्रम झाला, हार घातले गेले, फोटो निघाले, आणि आईनं ती सायकल बसच्या टपावर टाकून घरी आणली. मग महिनाभर रोज संध्याकाळी शिकायचा खटाटोप चालला. तोल गेला की बाकीचे लोक ब्रेक दाबतात, आई डोळे मिटायची. दोनदा ती नालीत गेली, एकदा शेजारच्या बंगाली काकीमांच्या वांग्याच्या वाफ्यात गेली, आणि साडी चेनमध्ये अडकून टर्रकन फाटली तेव्हा तिनं सायकल भिंतीला टेकवून मला, तिच्या लेकीला, हाक मारली. "मित्रा, हे तूच चालव. मी मांगं बसते." तेव्हापासून लसीकरण असो की बाळंतपण, पुढे मी आणि मागे कॅरिअरवर एका अंगाला पाय सोडून, मांडीवर काळी बॅग घेऊन आई, अशी आमची वरात निघायची. शाळा असली की ती पायी जायची आणि संध्याकाळी पाय चेपून घेताना मला ऐकवायची.

मुलचेऱ्याच्या बाजूचं ते गाव. उपकेंद्राच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यांत आम्ही दोघी राहायचो. बाबा सिंदेवाहीला, धानाच्या संशोधन केंद्राच्या शेतावर कामाला. महिन्यातून एकदा ते यायचे, पिशवीत कुठल्यातरी नव्या धानाचे तांदूळ घेऊन. त्या तांदळांना अजून नाव पडलेलं नसायचं, नुसता नंबर असायचा. आई भात रांधायची आणि बाबा आमच्या तोंडाकडे बघत बसायचे. "कसा हाय? मऊ हाय का चिकट?" त्या घराचा आवाज म्हणाल तर सकाळी स्टोव्हवर उकळणाऱ्या पाण्यात सुया आणि काचेच्या पिचकाऱ्या खुळखुळायच्या तो, आणि संध्याकाळी काकीमांचा शंख. वास स्पिरिटचा. काकीमा तळ्यातली मासोळी मोहरीत शिजवून वाटीभर द्यायच्या, आई त्यांना मोहाच्या फुलांची तीळ घालून केलेली बोंडं द्यायची. रिकामी वाटी परत जायची पद्धत दोन्ही घरांत नव्हती.

आमच्या घरात भुताखेतांचं नाव काढायची सोय नव्हती. आमच्या आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली तेव्हा देव-देवस्की सगळी सोडली, घरातले देव नदीत सोडून दिले, आणि आईनं त्यातला एक कणही परत घरात येऊ दिला नाही. मला भीती वाटते असं म्हटलं की ती विचारायची, "कायची? नाव सांग." नाव सांगता आलं तर ती त्यावर उपाय सांगायची, नाही आलं तर "मंग जा" म्हणायची. मुलगी धीट व्हावी यासाठी ही पद्धत चांगली असेल. पण भित्री मुलगी या पद्धतीनं धीट होत नाही, ती फक्त भीती लपवायला शिकते. मी भित्रीच होते. आज सत्तरीकडे झुकताना हे लिहायला काही वाटत नाही, तेव्हा मेले तरी कबूल केलं नसतं.

माझी नात चंद्रपूरला दर रविवारी मैत्रिणींबरोबर गिअरची सायकल घेऊन जाते. थोडा डांबरी रस्ता, थोडी जंगलाची वाट, असं मिसळून जाण्यात म्हणे खरी मजा आहे. डोक्यावर टोप, हातात मोजे, खिशात मोबाईल. परवा मला फोटो दाखवून विचारत होती, "आजी, तू कधी अशी राईड केली का?" मी "एकदा" म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला उठले. त्या एकदाचंच हे प्रकरण आहे. घरात आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

दहावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. मोहाचे दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटेपासून अख्खं गाव जंगलात असतं. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी स्वच्छ करतात आणि त्यावर पडलेली पिवळट फुलं टोपल्यांत वेचतात. माणसांइतकाच मोह अस्वलालाही आवडतो. तेही पहाटेच येतं. त्या आठवड्यात एका सकाळी दोन माणसांनी तिसऱ्याला धरून आमच्या ओसरीवर आणलं. तो मोहाची टोपली कॅरिअरला बांधून सायकलनं येत होता. पायी चालणाऱ्याच्या पावलाखाली पाचोळा वाजतो, अस्वलाला आधी कळतं, ते बाजूला होतं. वाळूवरून सायकल बिनआवाज येते. वळणावर तो आणि अस्वल एकदम समोरासमोर आले होते. आईनं त्याच्या तोंडावरचं धोतर सोडवलं आणि मला तसराळं धरायला सांगितलं. मी धरलं. मी पाहिलं तेवढं सगळं लिहिणार नाही. तो ओरडत नव्हता. शांतपणे आपल्या डोळ्याचं विचारत होता, "डोया हाय का नाई, बाई? डोया हाय का नाई?" आई म्हणाली, "हाय, गप राह्य." आणि बँडेज बांधू लागली. 

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी, मी पाण्याच्या घागरी भरून नुकती आत आले होते, तेव्हा डोंगराच्या पलीकडच्या माडिया टोल्यावरून, म्हणजे आदिवासी पाड्यावरून, दुंगा नावाचा तरुण सायकल हाणत आला. त्याची वहिनी जुरी रात्रीपासून अडली होती. पहिलटकरीण. "बाई, तुमी चाला. मी मुलचेऱ्याले जीप पाहाले जाऊन राह्यलो," एवढं बोलून पाणीही न पिता तो पुढे गेला. आईनं सुया उकळत्या पाण्यातून काढल्या, बॅग भरली, साडीचा पदर खोचला. जुरीला मी ओळखत होते. महिन्याला तपासायला यायची, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी असेल. आई पोटाला नळी लावून ऐकायची आणि एकदा जुरीनं तीच नळी मागून स्वतःच्या कानाला लावली होती आणि काहीच ऐकू आलं नाही म्हणून खूप हसली होती. आईनं मला एकच विचारलं, "डोंगराच्या पायवाटेनं गेलो तं किती येळ लागन?" मी म्हणाले, तासाच्या आत पोचू. आणि म्हणता म्हणताच आठवलं, त्या पायवाटेवर मोहाची झाडं होती.

गावापासून पहिले दोन-अडीच मैल डांबरी रस्ता होता. आता त्या रस्त्यावरून सूरजागडच्या बाजूचे खनिजाचे ट्रक जातात आणि बाजूची झाडंसुद्धा लाल झाली आहेत, तेव्हा दिवसाला दोन बस आणि बाकी बैलगाड्या. डांबरावर सायकल छान पळायची. सकाळचा गार वारा होता, आई मागून "जोर लाव, जोर लाव" म्हणत होती, आणि मी जोर लावत होते. पण मनात मी अंतर मोजत होते. कलव्हर्ट गेला, आता पाटी येईल, पाटीनंतर मुरमाचा रस्ता, मुरमाच्या रस्त्यावर सावरीचं मोठं झाड, आणि सावरीपाशी ती पायवाट.  मुरमावर चाकं घसरू लागली. माझ्या डोळ्यांपुढे ते सुटलेलं धोतर येत होतं. मी घंटी वाजवायला सुरुवात केली. आई म्हणाली, "इथी कोन हाय? काऊन वाजवून राह्यली?" मी म्हणाले, अशीच.

सावरीपाशी वाट फुटते. मुरमाचा रस्ता डोंगराला वळसा घालून टोल्यावर जायचा, चढाचा, रेतीचा, दीड-पावणेदोन तासांचा. पायवाट सरळ. तिच्या तोंडाशी मऊ रेती होती, डबलसीट जमेना. आई उतरली. "तू पुढं जाऊन पाह्य, वाट कशी हाय. चालत जायाची हाय का बसून, सांग मले." ती सावरीच्या सावलीत थांबली आणि मी सायकल हातानं ओढत आत गेले. दहा-वीस पावलांवर एक वळण होतं. त्या वळणाच्या पलीकडे, थोड्याच अंतरावर, आणखी एक वाट डावीकडे नाल्यात उतरायची आणि फिरत फिरत डांबरी रस्त्याला पार खालच्या अंगाला लागायची. तिथवर मी गेले. पुढे मोहाची पाच-सहा झाडं, खाली जाळलेली काळी जमीन, तिच्यावर फुलांचा सडा. कोणी वेचलेला नव्हता. तो वास जड, गोड, नाकात बसणारा. आणि त्या झाडांच्या मागे बांबूत काहीतरी हललं.

ते काय होतं ते मला आजही माहीत नाही. मोर असेल, माकड असेल, नुसता वाळका बांबू फुटला असेल. मी घंटी वाजवायला अंगठा नेला आणि अंगठा हलेना.  मग मी सायकल वळवून पळत सुटले आणि वळणापाशी येऊन थांबले. इथून आई दिसत नव्हती, पण हाकेवर होती. आता तिला काय सांगायचं? भीती वाटते म्हणाले तर ती विचारेल, कायची. अस्वलाची म्हणाले तर म्हणेल, घंटी वाजव, जुरी अडली हाय तिकडं. ती हे शांतपणे म्हणेल, रागावणार नाही, आणि मी परत त्या मोहाखालून जाईन. ते माझ्यानं होणार नव्हतं.

आमच्या जंगलात एक रीत आहे. पुढे गेलेल्यानं पायवाटेवर ताजी डहाळी आडवी टाकून तिच्यावर दगड ठेवला, तर मागून येणाऱ्यानं समजायचं की इकडून जाऊ नका. पुढे जनावर असेल, झाड पडलं असेल, पोळं उठलं असेल. कारण कोणी विचारत नाही. पानं हिरवी असली तर निरोप आजचा, वाळली असली तर डहाळी पायानं बाजूला सारून पुढे जायचं. लिहिता न येणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या जिवासाठी केलेली ही व्यवस्था आहे, आणि तिच्यात खोटं कोणी करत नाही, कारण खोटं करावं असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. ते माझ्या आलं. शिकलेली मुलगी ना मी. तेंदूची एक कोवळी डहाळी मी पिळून पिळून तोडली, वळणावर आडवी टाकली, वर दगड ठेवला. हात हिरवट झाले ते फ्रॉकला पुसले. मग बाहेर येऊन आईला म्हणाले, "वाट बंद हाय. डहाळी टाकली हाय कोनीतरी."

आई दुसऱ्याच्या शब्दावर इंजेक्शन टोचणारी बाई नव्हती, बाटलीवरची अक्षरं स्वतः वाचायची. ती दहा पावलं आत आली. डहाळी दिसली. तिनं क्षणभर डोंगराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "हिरवीच हाय," ती म्हणाली. "चाल. वळशानं जाऊ."

त्या वळशाच्या रस्त्यावर मी जन्मात चालवली नसेल अशी सायकल चालवली. चढावर आई उतरून मागून ढकलायची, उतारावर बसायची. रेतीत दोघी उतरून ओढत नेत होतो. एकदा चेन उतरली, ती माझ्यानं दातांवर बसतच नव्हती. आईनं माझे हात बाजूला केले आणि स्वतः बसवली. मोहाखालून सुटले म्हणून थोडं हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. उलटच झालं. ऊन वर चढत होतं आणि आई दर थोड्या वेळानं मनगट फिरवून घड्याळ बघत होती. मला ते दिसत नव्हतं, पण तिच्या बांगड्या वाजायच्या आणि मला कळायचं. प्रत्येक वेळी मी आणखी जोरात पाय मारायची. आता सांगावं, परत फिरावं, असं चार वेळा ओठांवर आलं. पण जितकं पुढे गेलो तितकं परत फिरणं जास्त उशिराचं होत गेलं, आणि मी पाय मारत राहिले.

टोल्यावर पोचलो तेव्हा अंगणात जुरीची सासू एकटी बसली होती, पुढ्यात सुपात मोह. आम्हाला पाहून ती उभीच राहिली. "तुमी इकडून काऊन आले, बाई? तिले खाटेवर घेऊन गेले न. पोरानं, आन् तिघा जनांनं. वाटंत तुमाले भेटून जाऊ म्हनून."

"कुठून गेले?" आईनं विचारलं.

"पायवाटेनं. अर्धा घंटा झाला असन. जास्तीच."

"पायवाट बंद हाय न. डहाळी हाय तिथी."

म्हातारीनं मान हलवली. "आमचा दुंगा सकाळी तिथूनच गेला न. काई नाई तिथी. डहाळी कोन टाकन?"

आई म्हातारीकडे पाहत होती. मी जमिनीकडे. माझ्या डोक्यात सगळी वाट एकदम उघडी झाली. चार माणसं खाट खांद्यावर घेऊन सावरीकडे येतील. दोन वाटा फुटतात तिथे थांबतील. समोर वळणावर हिरवीगार डहाळी, वर दगड. हा अस्वलाचा आठवडा. ते विचार करणार नाहीत. खाट उजवीकडे वळवतील आणि नाल्यात उतरतील, जिथून डांबरी रस्ता तीन मैल आहे आणि जिथे जीप येणार नाही, आणि नर्सही येणार नाही.  मी म्हणाले, "आई, डहाळी मी टाकली."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही, त्या बांबूपाशीही नाही. मारेल असं वाटलं, मारावं असंही वाटलं. ती म्हणाली, "सायकल फिरव." एवढंच. आणि मागे बसली.

त्या पायवाटेनं मी सायकल कशी हाणली ते सांगता येणार नाही. टोल्याकडून उतार होता. मुळांवरून चाक उडायचं, आई एका हातानं बॅग आणि दुसऱ्या हातानं माझी कंबर धरून होती, तिची बोटं माझ्या बरगड्यांत रुतली होती. बांबूचे फोक तोंडावर सपासप बसत होते. मी घंटी वाजवत होते, सारखी, अंगठा दुखेपर्यंत. मोहाची झाडं आली तेव्हाही मी पाहिलं नाही. भीती गेली होती असं नाही. अस्वल आलं असतं तर मी किंचाळले असतेच, पण सायकल थांबवली नसती. वाटा फुटतात तिथे रेतीत चार माणसांची पावलं खोल उमटलेली होती, ओझं घेऊन चालणाऱ्याची उमटतात तशी, आणि ती उजवीकडे वळली होती.  नाल्याच्या उतारावर मी सायकल सोडून दिली, ती कुठेतरी आदळल्याचा आवाज आला, आणि आम्ही दोघी धावत खाली उतरलो.

नाला कोरडा होता. जांभळीच्या सावलीत खाट खाली ठेवलेली, पुरुष पाठ करून दूर उभे. बाळ पायाकडून आलं होतं आणि डोकं अडकलं होतं. जवळ हात लावणारं कोणी नव्हतं, कारण बाळंतिणीला पुरुष हात लावत नाहीत आणि म्हातारी गुडघ्यांमुळे मागे राहिली होती. आई रेतीत गुडघ्यांवर बसली. तिनं बॅग उघडलेलीही मला आठवत नाही. दोनच मिनिटं लागली असतील, तिनं एक हात खाली, एक हात पोटावर असं काहीतरी केलं आणि बाळ बाहेर आलं. मुलगा होता. आईनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मग तोंड पुसून त्याच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकत राहिली. फुंकायची, थांबायची, बोटांनी छाती दाबायची, परत फुंकायची. मी जुरीचा हात धरून उभी होते. जुरी विचारत होती, "रडत काऊन नाई?" ते किती वेळ चाललं ते मला ठाऊक नाही. शेवटी आईनं बाळ टॉवेलात गुंडाळून माझ्या हातांत दिलं आणि जुरीकडे वळली, कारण तिचं रक्त थांबत नव्हतं. इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं. जुरी वाचली. तेवढा वेळ बाळ माझ्या हातांत होतं. ते गरम होतं. अंगावर पांढरा लेप होता आणि कातडी गुळगुळीत, अख्खी, नव्या सालीसारखी.

आईनं हात धुतले आणि जुरीच्या नवऱ्याला जवळ बोलावलं. "भाऊ, लेकरू परवाच गेलं होतं पोटात," ती म्हणाली. "मी आली असती तरी काई झालं नसतं. तुमची बायको वाचली, तिले जपा." त्यानं मान डोलावली. त्यानं टॉवेलातलं बाळ माझ्याकडून घेतलं. आणि म्हणाला, "आमी सरळच येनार होतो, बाई. डहाळी होती वाटंत. कोनी टाकली मालूम नाई, पन टाकली म्हनून बरं झालं. अस्वलाच्या तोंडी गेलो असतो सारे." मी आईकडे पाहिलं. आई बॅगेचा पट्टा लावत होती. 

घरी आल्यावर आईनं नंबराच्या तांदळाचा भात टाकला, काकीमांनी दिलेली मासोळी गरम केली आणि मला समोर बसवून जेवू घातलं. मी नुसता भात चिवडत होते. तेव्हा ती म्हणाली, "इकडं पाह्य. खोटं बोलली ते वाईट केलं. डहाळीचं खोटं तं फारच वाईट. पुन्हा नको करू. पन त्या लेकराचं तुह्याशी काई नाई. ते परवाच गेलं होतं. समजलं का?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "जेव मंग." मी जेवले. माझी आई खोटं बोलत नाही हे मला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं दुसरं काही ठाऊक नव्हतं. त्या रात्री मला झोपसुद्धा लागली.

दोन दिवसांपूर्वी गेलेल्या बाळाच्या तोंडात कोणी इतका वेळ फुंकत बसत नाही, हे समजायला काही फार शिकावं लागत नाही. मला ते तेव्हाच समजायला हवं होतं. मला समजून घ्यायचं नव्हतं, इतकंच खरं.

मला नर्सिंगला जायचं होतं. आईनं घर डोक्यावर घेतलं. मास्तरीण हो, पोस्टात लाग, तलाठी हो, काहीही हो, हे नको. बाबा म्हणायचे, अगं तूच तर नर्स आहेस. तिनं दोन दिवस चूल पेटवली नाही. रात्री-बेरात्रीचं काम, जंगलातल्या बदल्या, आपल्या वाट्याला आलं ते पोरीच्या नको, म्हणून ती असं करते असं मी धरून चालले. माझंच खरं करून मी नागपूरला गेले. दुसऱ्या वर्षी एका दुपारी आमच्या बाई शिकवत होत्या, पोटात मेलेलं बाळ कसं ओळखायचं. एक दिवस उलटला की कातडी सुटू लागते. दुसऱ्या दिवशी हात लावला तर सालीसारखी निघून हातात येते. बाकीच्या मुली वहीत उतरवून घेत होत्या. माझ्या दोन्ही हातांना तो टॉवेल जाणवला, त्याची ऊब, आणि ती अख्खी गुळगुळीत कातडी. मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली हात धरून उभी राहिले. पुढे तीस वर्षं तोच धडा मी मुलींना शिकवला.

त्या सुट्टीत घरी गेले. आई ताट वाढत होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं, वसतिगृहातल्या भाजीला नावं ठेवून झाली. मग भाताची वाफ हातानं बाजूला करत, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "बाळंतपणाचं शिकवलं का सारं? मेलेल्या लेकराचं गिकराचं?" तेव्हा मला कळलं की तिनं दोन दिवस चूल का पेटवली नव्हती. ती या पानाला भीत होती. माझी आई, जी मला प्रत्येक भीतीचं नाव विचारायची, ती इतकी वर्षं माझ्या एका पुस्तकाच्या एका पानाला भीत होती.

"नाई अजून," मी म्हणाले. "आमच्या कोर्सात तं तो भागच नाई म्हणतात."

"नाई का?" तिनं वर पाहिलं. मी तिच्या डोळ्यांत सरळ बघत राहिले, पापणी न हलवता. तिनं भाताचा आणखी एक डाव माझ्या ताटात घातला, मग स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर बसली, आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.